थकलेला लेखनिक

सरांचं सगळं नाव चार पानांवर उभं होतं, आणि ती पानं त्यांनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

हे तिघांना ठाऊक होतं. एक सर स्वतः. दुसरे त्यांचे गुरुजी, त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. तिसरी सरांची बायको. तिच्या लेखी ही गोष्ट घरातल्या डुगडुगणाऱ्या खुर्चीसारखी होती. खुर्ची टाकून द्यायची नाही, दुरुस्तही करायची नाही, फक्त पाहुण्याला तिच्यावर बसू द्यायचं नाही.

सरांचा विषय जुन्या स्लाव्ह भाषांचा इतिहास. म्हणजे नक्की काय करता हो तुम्ही, असं कुणी विचारलं की ते सांगत, "रशियन, पोलिश, बल्गेरियन या आज लांब लांब नांदणाऱ्या बहिणी आहेत. फार पूर्वी त्या एका घरात राहत होत्या. त्या घरात काय बोलणं चालायचं ते मी भिंतीला कान लावून ऐकतो."

"आणि ऐकू येतं?"

"भिंत जाड आहे."

एवढ्यावर विचारणारा हसे आणि दुसरा विषय काढी. बायको मात्र आतून म्हणे, "माझं बोलणं ऐकू जात नाही ह्यांना. मधे भिंतही नाही."

तिचं चपला-बुटांचं दुकान होतं, वडिलांकडून आलेलं. दुकानातली रिकामी खोकी सरांच्या खोलीत येत आणि कार्डांनी भरत. प्रत्येक कार्डावर एक शब्द, तो कुठल्या पोथीत, कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत आला ते. अशी एक्केचाळीस खोकी भिंतीला लागून रचलेली होती. बाहेरून आकडे वहाणांचे, आत शब्द हजार वर्षांपूर्वीचे. विद्यापीठात त्यांना सगळे 'खोकेवाले सर' म्हणत, आणि सरांनाही ते ठाऊक होतं.

सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी त्या पोथीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. कातड्याच्या एकशे सव्वीस पानांची पोथी, प्रार्थनेच्या वेळी वाचायच्या धर्मवचनांची. शेवटच्या पानावर लेखनिकाने वर्ष घातलेलं, आणि असं वर्ष घातलेल्या जुन्या पोथ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. ती परदेशात, डोंगरातल्या एका लहान गावच्या ग्रंथालयात होती. सरांनी तिकडे जाण्यासाठी तीनदा अर्ज केले. पहिला नाकारला गेला. दुसऱ्याला उत्तरच आलं नाही. तिसरा मंजूर झाला त्याच आठवड्यात आईचं अर्धं अंग गेलं. पुढची सहा वर्षं ते तिचं सगळं करत होते.

मग गुरुजींनी पोथीची फिल्म मागवली. पत्र्याच्या गोल डबीत रीळ आलं. विद्यापीठाच्या तळघरात रीळ वाचायचं एक यंत्र होतं, त्याला डोकं आत घालायचा काळा घुमट होता. सर रोज दुपारी दोनला आत डोकं घालत आणि सातला बाहेर काढत. फिल्म उलटी होती, काळ्यावर पांढरं. त्यामुळे ती पोथी त्यांच्या मनात कायम काळी राहिली, अंधारावर चुन्याने लिहिल्यासारखी.

दुसऱ्या वर्षी त्यांना ते सापडलं. त्या काळच्या बोलण्यात दोन अगदी आखूड स्वर होते. पुढे लोक ते बोलताना गिळू लागले आणि ते स्वर मेले. आपणही शब्दाच्या शेवटचा स्वर असाच गिळतो, कुणाला पत्ता लागत नाही. या पोथीत ते दोन्ही स्वर पानोपान जागच्या जागी शाबूत होते. फक्त सत्तावन्न ते साठ या चार पानांवर लेखनिक ते पुन्हा पुन्हा गाळत होता. अक्षर तेच, वळण तेच. मग इथेच काय झालं? तीन महिने डोकं फोडल्यावर सरांना उत्तर सुचलं. लेखनिक थकला होता. शिकवलेलं जुनं वळण सांभाळून लिहिता लिहिता या चार पानांवर त्याचं भान सुटलं, आणि तो जसा बोलत होता तसं लिहून गेला. म्हणजे पंडित समजतात त्याच्या दीडशे वर्षं आधीच तिकडचे लोक ते स्वर गिळत होते.

निबंध लिहून झाला तेव्हा एकच अडचण उरली.

"गुरुजी, तळटीपेत काय लिहू? मी फिल्म पाहिली आहे, पोथी नाही."

"मूळ हस्तलिखितावरून, असं लिहा."

"पण..."

"फिल्म कुणाची आहे? हस्तलिखिताचीच ना? आरशात बघून दाढी केली म्हणून ती आरशाची दाढी होते काय?"

सरांनी तसं लिहिलं. निबंध छापून आला. जगात तो ज्यांना कळेल अशी सत्तर-ऐंशी माणसं असतील, त्यांतली बहुतेक चकित झाली. 'थकलेला लेखनिक' हे नाव त्या वर्तुळात रूढ झालं. सर त्या जोरावर व्याख्याते झाले, मग प्राध्यापक झाले. प्रवास पुढे सोपा झाला, पण आता पोथी पाहायला जायचं तर सांगणार काय? जी पाहून लिहिलं म्हणालो, ती पहिल्यांदा पाहायला चाललो? लाज ही अशी असते. आधी ती चिमूटभर असते, वेळेत झटकली नाही की तिचं वारूळ होतं.

आणि तो लेखनिक त्यांच्या घरात राहायला आला होता. त्याची बोटं थंडीने फुटलेली आहेत, त्याची पाठ धरते, त्याला डाव्या डोळ्याने कमी दिसतं, हे सगळं सरांना ठाऊक होतं. स्वतःची मान आखडली की ते म्हणत, "आज त्याचं दुखणं माझ्यात आलं." बायको म्हणे, "त्याला म्हणावं, एकदा भांडी घासायलाही ये."

पाच वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक विद्यार्थिनी आली. अकरा वर्षं वकिली करून ती सोडलेली, वय अडतीस. सगळे तिला 'वकीलबाई' म्हणू लागले. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "सर, कोर्टात साक्षीदार बदलतात. तुमचे साक्षीदार मेलेले आहेत, ते बदलणार नाहीत. म्हणून आले." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिने आणखी सात पोथ्यांमधून थकलेले लेखनिक हुडकून काढले. कुठला थकवा खरा आणि कुठली निव्वळ चूक, हे ठरवायला तिने मापपट्टी म्हणून सरांची चार पानं घेतली. प्रबंध सादर झाला, परीक्षकांचे अहवाल चांगले आले, तोंडी परीक्षेची तारीख लागली. तिच्या पुढच्या महिन्यात विभागातल्या एकमेव कायम जागेची मुलाखत होती. पदवी हातात असली तर जागा तिचीच, हे शिपायापासून सगळे सांगत.

त्या तारखेच्या दोन महिने आधी सरांना परिषदेचं बोलावणं आलं. त्याच डोंगरातल्या गावचं. सत्कार होणार होता. या वयात आता कोण विचारणार, असं म्हणून ते गेले, आणि परिषदेच्या आदल्या दिवशी ग्रंथालयात जाऊन बसले.

वाचनकक्ष शाळेच्या वर्गाएवढा. उंच खिडक्या, हिरव्या कापडाची टेबलं, कोपऱ्यात गुरगुरणारा हीटर. ग्रंथपाल बाईंनी फोमची उशी ठेवली, तिच्यावर पोथी ठेवली आणि म्हणाल्या, "हात धुतलेत ना? मग हातमोजे नकोत. पान बोटाला कळायला हवं."

पोथी तपकिरी-पिवळी होती. काळी नव्हती. नुसत्या त्या रंगानेच सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हळूहळू पानं उलटली. कातडं जाड होतं, त्यावर केसांच्या मुळांचे बारीक ठिपके होते. ओळी सरळ याव्यात म्हणून लेखनिकाने बोथट सुईने आधी चर ओढले होते. फिल्मवर ते चर कधीच दिसले नव्हते, आता बोटाखालून नांगरटीसारखे जात होते. चाळीसावं पान, पन्नासावं. छप्पन्नावं.

सत्तावन्नाव्या पानावर बोट घसरलं.

चर नव्हते. पान गुळगुळीत, पातळ आणि जरा जास्तच पांढरं होतं. चरांच्या जागी शिशाने ओढलेल्या फिकट करड्या रेघा होत्या. सरांना त्या रेघा ओळखीच्या वाटल्या. फिल्मवर त्यांनी त्या पाहिल्या होत्या, या चारच पानांवर, आणि रिळाला ओरखडे पडलेत असं समजून सोडून दिल्या होत्या. शिशाने रेघा मारायची रीत त्या लेखनिकाच्या काळात कुणाला ठाऊकही नव्हती. ती आली दीड-दोनशे वर्षांनी.

"ती चार ना?" ग्रंथपाल बाई मागून म्हणाल्या. "मूळची कधीतरी फाटली असणार. मग कुणीतरी नवी लिहून घातली. अक्षराची नक्कल मात्र अशी केलीय की बघत राहावं. आमच्या बांधणीवाल्याच्या हाताला पहिल्यांदा कळलं, शिवण उसवली तेव्हा."

"केव्हा?"

"झाली की चार-पाच वर्षं. आम्ही काही छापलं नाही. तुम्ही लोक येऊन बघताच, म्हटलं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठलं पान बघायला आलात?"

"सगळंच," सर म्हणाले.

ग्रंथालय बंद होईपर्यंत सर बसून राहिले. नंतरच्या माणसाचा हात जुन्याची नक्कल करत होता, पण जीभ त्याच्या स्वतःच्या काळातली होती, आणि ती फितूर झाली. तो थकलेला नव्हता. तो ताजातवाना, हुशार, नकलेत तरबेज असा कुणीतरी होता. ज्याची पाठ धरत होती, ज्याची बोटं फुटली होती, तो माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. सरांना सुतक आल्यासारखं झालं, आणि ते कुणाचं हे सांगायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सत्कार घेतला. हार नव्हता, नुसतं एक काचेचं मानचिन्ह होतं. त्यात चेहरा वाकडा दिसत होता.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती उद्याच्या दुकानासाठी बुटांना नाड्या घालत होती.

"मग आता?"

"तोच विचार करतोय."

"विचार कसला करताय? तुमचं काय व्हायचं ते होईल, निवृत्तीला आठ महिने राहिलेत. तिचं सांगा. ती तुमच्या शब्दावर उडी मारून बसलीय."

"ग्रंथपालाला ठाऊक आहे, बांधणीवाल्याला ठाऊक आहे. आज ना उद्या..."

"उद्या म्हणजे व्हायवानंतरचा उद्या का आधीचा?"

सरांनी एक नाडी उचलून बोटाला गुंडाळली.

"अहो, मला विचारू नका," ती म्हणाली. "मी तोंड मिटायला सांगेन, आणि तुम्ही ते ऐकलंत तर हिनेच अडवलं म्हणून आयुष्यभर माझ्याकडे बघाल."

तोंडी परीक्षेला दहा दिवस असताना सरांनी वकीलबाईला खोलीवर बोलावलं. ती हसतच आली, हातात प्रश्नांची यादी. सरांनी दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. पानं बदललेली आहेत. आपण ती तेव्हा पाहिली नव्हती. तळटीप खोटी आहे.

तिने यादीची घडी घातली, मग आणखी एक घडी.

"पाच वर्षं," ती म्हणाली. "पाच वर्षांत एकदाही नाही सांगावंसं वाटलं? सर, फिल्म बघून लिहिलंय, जरा जपून, एवढंच? मी गेले असते. स्वतः जाऊन बघून आले असते. नाही गेले, कारण तुम्ही पाहिलंय असं तुम्ही लिहिलंय."

"पानं शिशाच्या रेघांची आहेत. मी ते..."

"मला नको सांगू नका!" तिच्या बोलण्यात दोन नकार एकदम आले आणि तिला ते कळलंही नाही. "एक अक्षर सांगू नका. आत्तापर्यंत मी चुकत होते. आता हे ऐकल्यावर गप्प बसले तर लबाड. तुम्ही मन हलकं केलंत, सर. ते ओझं कुठे ठेवलंत बघा."

सरांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"काय करू सांग."

"व्हायवा होऊ दे. मुलाखत होऊ दे. त्यानंतर तुम्ही छापा, मी स्वतः मदत करेन. दोन महिने, सर. शेकडो वर्षं ती पानं गप्प आहेत, आणखी दोन महिन्यांनी त्यांचं काही बिघडत नाही."

"बरं," सर म्हणाले.

"शब्द द्या."

"दिला."

त्या दहा दिवसांत त्यांना जेवण गेलं नाही. शब्द दिला होता, आणि तो देताना खरंच मनापासून दिला होता. त्यांचं काम एवढंच होतं की परीक्षेच्या वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं. मार्गदर्शकाने बोलायचं नसतं, तशी रीतच आहे. रीत मदतीला आली म्हणून त्यांना जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा वाईट वाटलं.

परीक्षेच्या दिवशी खोलीत पंधरा-वीस माणसं होती. वकीलबाई तासभर न अडखळता बोलली. त्या चार पानांपाशी ती झपझप पुढे गेली, तापल्या वाळूवरून जावं तशी. पाहुणे परीक्षक गोलमटोल, आनंदी गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मला एक शंका होती. तुमची सगळी मापपट्टी त्या चार पानांवर आहे. पानं नंतर घातलेली असण्याची शक्यता तुम्ही तपासली का?"

वकीलबाईने समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहिलं.

"मी स्वतः ती पोथी पाहिलेली नाही," ती म्हणाली. हे खरं होतं. वकिलाने नेमकं तेवढंच खरं सांगितलं होतं.

"छे छे, तुम्ही कशाला," परीक्षक हसले. "ती सरांनी पाहिली आहे. पंचवीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या डोळ्यांनी. मी कॉलेजात असताना तो निबंध पाठ केला होता. सर आहेत म्हणजे प्रश्नच मिटला. काय सर?"

सगळे वळून सरांकडे पाहू लागले. ते उत्तर मागतही नव्हते, नुसता आदर दाखवत होते. मान हलवली असती तरी पुरलं असतं. सरांना तिची नजर दिसली. त्या नजरेत राग नव्हता. ती विनवत होती, आणि ते रागाहून कठीण होतं.

ते उभे राहिले. गुडघा वाजला.

"नाही," ते म्हणाले. "तेव्हा मी पाहिली नव्हती. फिल्मवरून लिहिलं आणि पाहिली म्हणून छापलं. गेल्या महिन्यात पाहिली. चारही पानं नंतरची आहेत. यात हिची काही चूक नाही, हिने माझ्यावर विश्वास ठेवला एवढीच."

पुढचं सगळं कुजबुजीत झालं. परीक्षकांचा आनंदी चेहरा उतरला, आपण कुणाच्या तरी घरात भलत्या वेळी शिरलो असं त्यांना झालं असावं. विभागप्रमुखांनी सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं. अर्ध्या तासाने निर्णय आला. पदवी आज देता येणार नाही. दोन प्रकरणं नव्याने लिहावीत, वर्षाची मुदत. सरांकडून लेखी खुलासा मागवला जाईल. मुलाखतीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, काढायची गरजच नव्हती. आता मुलाखतीला दुसरीच माणसं जाणार होती.

व्हरांड्यात ती खिडकीपाशी उभी होती. खाली सायकलस्टँडवर कुणीतरी सायकलीला लाथ मारून कुलूप सोडवत होतं. सर चार हातांवर थांबले. क्षमा कर म्हणावं तर कोणत्या तोंडाने, आणि न म्हणता जावं तर कोणत्या पायाने.

"शब्द दिला होतात," ती खिडकीकडे बघतच म्हणाली.

"हो."

"मी गप्प बसले असते. आज नाही, जन्मभर. मला कळलं ते मघाशी, ग्लासकडे बघताना." ती थांबली. "म्हणून तुमचे उपकार मानीन असं समजू नका. माझं वर्ष गेलं. जागा गेली. तुम्ही पंचवीस वर्षं उशिरा खरे झालात, आणि त्याचा दंड मी भरतेय."

सरांनी मान हलवली.

मग तिने पिशवीतून वही काढली, खिडकीच्या कट्ट्यावर उघडली आणि पेनचं टोपण दाताने ओढलं. आवाज कोर्टातला होता, उलटतपासणीचा.

"सत्तावन्नाच्या पुढच्या बाजूला केसाचे ठिपके आहेत का गुळगुळीत?"

"गुळगुळीत. पूर्ण."

"आणि समोरचं छप्पन्नाचं?"

"ठिपके. दाट, वरच्या कोपऱ्यात जास्त."

"म्हणजे समोरासमोर बाजू जुळत नाहीत, केसाकडच्या बाजूसमोर केसाकडचीच हवी." तिने लिहिलं. "रेघा पानाच्या कडेपर्यंत जातात?"

"जातात. बाहेरच्या कडेला जरा जाड होतात."

"कडेला भोकं? रेघा आखायला सुईने टोचलेली?"

सर आठवू लागले. हिरवं कापड आठवलं, हीटरची गुरगुर आठवली, स्वतःचं बोट आठवलं. कड आठवेना. होती म्हणावं तरी चाललं असतं, नव्हती म्हणावं तरी.

"ते मी पाहिलं नाही," ते म्हणाले.

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. मग मान खाली घालून, सावकाश, वळणदार अक्षरात तेही लिहून घेतलं.